वत्सगुल्मीय वाकाटकांची स्मारके

इ. स. १९३९ मध्ये वाशीम येथे द्वितीय विंध्यशक्ती ह्या वाकाटक राजाचा ताम्रपट उजेडात आला. य. खु. देशपांडे व महाजन ह्यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला आणि पुढे वा. वि. मिराशी ह्यांनी त्याचे साक्षेपी संपादन केले. ह्या नगरात वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा नांदून गेली, ही गोष्ट निःसंशयपणे सिद्ध झाली ती ह्या ताम्रपटामुळे. तत्पूर्वी अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील लेखावरून हरिषेण राजाचे नाव अभ्यासकांना परिचित होते. परंतु त्या लेखात पहिल्या प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव ब्यूलर ह्यांनी 'रुद्रसेन' असे वाचल्यामुळे सर्व वाकाटक राजे एकाच सरळ वंशावळीत बसविले जात होते. वाशीमच्या ताम्रपटात तेथे 'सर्वसेन' हे नाव स्पष्ट आले. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला, तेव्हा तेथेही सर्वसेनच होता. म्हणजे ह्या शाखेच्या मूळ पुरुषाचे नाव डोंगराच्या भिंतीवर सुमारे पंधरा शतके कोरलेले होते आणि एका मान्यवर लिपिज्ञाच्या दृष्टीखालून ते गेलेही होते. तरी ते वाचले गेले नव्हते.

राजस्मारकांचा विचार करताना ही घटना प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. स्मारक केवळ अस्तित्वात असून भागत नाही. ते वाचणारा कोणी असावा लागतो, आणि वाचणाऱ्याने चूक केली तर ती दुरुस्त करता येईल असे काही त्या स्मारकात असावे लागते. ब्यूलरांची चूक दुरुस्त होऊ शकली, कारण अक्षरे तेथे होती. पुतळ्याच्या बाबतीत अशी सोय नसते. अनोळखी चेहऱ्याचा पुतळा एकदा उभा राहिला की, तो चेहरा खरा की कल्पित हे पाहण्यास त्या धातूत काहीच उपाय उरत नाही.

वत्सगुल्माची ही शाखा चौथ्या शतकाच्या पूर्वार्धापासून पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे वर्षे, राज्य करीत होती. सर्वसेन, विंध्यशक्ती किंवा विंध्यसेन, द्वितीय प्रवरसेन, अजिंठ्याच्या लेखात ज्याचे नाव नष्ट झाले आहे असा एक राजा, देवसेन आणि हरिषेण असा हा क्रम आहे. नंदिवर्धनच्या ज्येष्ठ शाखेशी गुप्तांचा विवाहसंबंध जडल्यामुळे इतिहासग्रंथांत तिचे वर्णन विस्ताराने येते. वत्सगुल्माच्या वाट्याला त्या मानाने थोडी पाने येतात. ह्या राजांचे स्मरण त्यांच्याच राजधानीत कोणत्या रूपाने उरले, हा प्रश्न मात्र कोणत्याही शाखेच्या राजकीय इतिहासाइतकाच विचार करण्याजोगा आहे.

वाशीमच्या लोककथेत एक राजा आहे, पण तो वाकाटक नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये ही कथा नोंदलेली आहे. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठरोग झाला होता. नगराबाहेरच्या एका डोहात स्नान केल्याने तो बरा झाला, आणि कृतज्ञतेने त्याने त्या डोहाचा विस्तार करून तलाव बांधला. हेच पद्मतीर्थ. नगराच्या स्थापनेचे श्रेय मात्र कथा राजाकडे देत नाही. ते वत्स ऋषीकडे जाते. व्याधिग्रस्त राजा, योगायोगाने सापडलेले पाणी, व्याधिमुक्ती आणि तीर्थाची उभारणी हा कथाबंध महाराष्ट्राला नवा नाही. वेरूळच्या येलू राजाची आख्यायिका ह्याच घाटाची आहे. तेव्हा वासुकी म्हणजे अमुक वाकाटक राजा असे समीकरण मांडण्याचा मोह कोणास झाला तरी त्याला आधार मिळणार नाही. नागराजाचे नाव धारण करणारा हा राजा तीर्थमाहात्म्याच्या जगातला आहे. ऐतिहासिक राजाचे नाव आणि चेहरा लोकांनी विसरावा आणि 'राजाने तलाव बांधला' एवढे एकच कर्म लक्षात ठेवावे, ह्या निवडीला मात्र अर्थ आहे. तो पुढे स्पष्ट होईल.

नगराच्या नावाची कथाही अशीच आहे. 'वत्सगुल्म' ह्या नावाची उपपत्ती तीन ठिकाणी तीन प्रकारे येते. स्थानिक माहात्म्यात ती वत्स ऋषीच्या तपाशी जोडलेली आहे. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत वत्स आणि गुल्म हे दक्षिणापथातील दोन सहोदर राजपुत्र असून त्यांनी वसविलेला प्रदेश तो वत्सगुल्मक. कथासरित्सागरात वत्स व गुल्म हे बृहत्कथाकार गुणाढ्याचे मामा आहेत. पहिल्या परंपरेला तीर्थ हवे आहे, दुसरीला राजपुत्र आणि तिसरीला कवी. ह्यांतील कोणत्याच उपपत्तीला इतिहास म्हणता येत नाही. तरी तिसरीकडे सहज दुर्लक्ष करू नये. कथाकवीच्या आजोळाशी ह्या नावाचे नाते जोडावे असे ज्या काळात कोणाला वाटले, त्या काळात ह्या नावाभोवती वाङ्मयाचा काही सुगंध असलाच पाहिजे.

तो सुगंध राजशेखराच्या लेखनात उघडपणे येतो. काव्यमीमांसेतील काव्यपुरुषाच्या आख्यानात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू ह्यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात होतो. राजशेखर नवव्या शतकाच्या अखेरीचा आणि दहाव्याच्या आरंभीचा. म्हणजे हरिषेणानंतर चार शतकांनी, कनोजच्या दरबारात बसून तो हे लिहीत होता. कर्पूरमंजरीतही त्याने वैदर्भी रीतीला 'वच्छोमी' हे नाव दिले आहे, आणि ते वत्सगुल्मावरूनच आलेले आहे. राजधानी गेली, राजवंश गेला, आणि नगराचे नाव एका काव्यरीतीचे नाव होऊन उत्तरेत फिरत राहिले. राजशेखराने येथे एकाही वाकाटकाचे नाव घेतलेले नाही. पण काव्यपुरुषाच्या विवाहासाठी सर्व देश मोकळा असताना त्याने वत्सगुल्म निवडले, ह्याच्या मुळाशी सर्वसेनाचे काव्य असावे हा मिराशींचा तर्क पटण्याजोगा आहे.

येथे 'स्मारक' ह्या शब्दाचा थोडा विचार आवश्यक आहे. आजच्या व्यवहारात ह्या शब्दाबरोबर चौथरा, पुतळा, कोनशिला आणि अनावरणाचा समारंभ ही सामग्री गृहीत धरली जाते. प्राचीन कोरीव लेखांच्या परिभाषेत ह्या अर्थाच्या जवळ जाणारे शब्द निराळे आहेत: 'कीर्ति' आणि 'कीर्तन'. ह्यांचा अर्थ केवळ यश असा नसून, ज्या बांधकामामुळे यश टिकते ते देऊळ, लेणे अथवा जलाशय असाही होतो. वेरूळच्या कैलासाचा उल्लेख करणाऱ्या राष्ट्रकूट ताम्रपटातील 'कीर्तन' शब्दाचा हा अर्थ रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिला. ह्या भाषेत राजाची कीर्ती आणि लोकांच्या उपयोगाची वास्तू ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एका शब्दात दोन्ही सामावल्या होत्या. त्या मानाने 'स्मारक' हा आजचा शब्द गरीब आहे. त्यात स्मरण उरले आणि पाणी गेले.

वाशीमजवळील हिस्से बोराळा येथील लेखाचे महत्त्व ह्या दृष्टीने असाधारण आहे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात अभ्यासकांसमोर आलेला हा लेख देवसेनाच्या काळचा असून त्यात शक ३८०, म्हणजे इ. स. ४५७-५८, असा स्पष्ट कालनिर्देश आहे. वाकाटकांचे इतर लेख राजवर्षांत काल सांगतात. अमुक राजाचे पाचवे वर्ष किंवा सदतिसावे वर्ष एवढ्यावरून काळ ठरत नाही. अंदाजांची साखळी जोडावी लागते. बोराळ्याच्या लेखाने त्या साखळीचे एक टोक प्रथमच खुंटीला बांधले. देवसेन ४५७-५८ मध्ये राज्य करीत होता ही आज वत्सगुल्म शाखेच्या कालगणनेतील सर्वांत पक्की गोष्ट आहे, आणि हरिषेणाचा, पर्यायाने अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांचा, काळ ठरवताना तिच्यावर भिस्त ठेवावी लागते.

परंतु हा लेख ज्या कामासाठी कोरला गेला ते काम कालगणनेचे नव्हते. देवसेनाचा आज्ञाकारी सेवक स्वामिल्लदेव ह्याने 'सुदर्शन' नावाचा जलाशय केला, हे सांगण्यासाठी तो कोरला गेला. सुदर्शन हे नाव ऐकताच गिरनारच्या पायथ्याचे सरोवर आठवते. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधलेले ते सरोवर इ. स. १५० च्या सुमारास रुद्रदामन् क्षत्रपाने दुरुस्त केले, आणि स्कंदगुप्ताच्या काळी त्याचा बांध पुन्हा फुटला तेव्हा चक्रपालिताने तो बांधून काढला. स्कंदगुप्ताच्या जुनागढ लेखातील गुप्तवर्षे १३६ ते १३८ म्हणजे इ. स. ४५५ ते ४५८ ह्या दरम्यानची. सौराष्ट्रात फुटलेल्या सुदर्शनाचा बांध पुन्हा घातला जात होता त्याच दोन-तीन वर्षांत वऱ्हाडातील एका गावाजवळ नव्या जलाशयाला सुदर्शन हे नाव दिले जात होते. हा योगायोग असू शकेल. सुदर्शन हे नाव 'पाहण्यास सुंदर' अशा कोणत्याही जलाशयाला शोभते. परंतु एका प्रसिद्ध राजकीय कृत्याचे नाव समकालीन अधिकाऱ्याने जाणीवपूर्वक उचलले असणेही अशक्य नाही. तसे असेल तर बोराळ्याचा तलाव हे पाण्याच्या रूपाने केलेले एक वाङ्मयीन अवतरणच ठरते.

ह्या लेखातील कर्तृत्वाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. राजाचे नाव आरंभी येते ते काळ आणि सत्ता सांगण्यासाठी. जलाशय करणारा निराळा आहे आणि त्याचे नाव निराळे घेतलेले आहे. राजाच्या पराक्रमाची दीर्घ प्रशस्ती तेथे नाही. तरीही आज देवसेनाविषयी सर्वांत निश्चित असे जे विधान करता येते ते ह्या लेखामुळे. ज्या स्मारकाने राजाची स्तुती करण्याचे काम हाती घेतले नव्हते त्यानेच त्याला काळात पक्के उभे केले. आणि वासुकीच्या कथेशी हे ताडून पाहिले असता असे दिसते की, लोकस्मृती आणि कोरीव लेख ह्यांचे येथे एका मुद्द्यावर एकमत आहे. नाव बदलले, स्थळ बदलले, कारणही बदलले. राजसत्तेची ह्या भूमीवरील खूण म्हणून पाणी तेवढे दोन्हीकडे कायम राहिले. ह्यावरून बोराळ्याचा तलाव आणि पद्मतीर्थ ह्यांचा प्रत्यक्ष संबंध जोडावा असे नाही. खडकाळ, उताराच्या, काळ्या मातीच्या मुलखात राजाकडून काय अपेक्षित होते, एवढे मात्र दोन्ही सांगतात.

आता परदेशातील एका उदाहरणाकडे वळणे उपयुक्त ठरेल, कारण राजाच्या सार्वजनिक स्मारकाची जी कल्पना आज सर्वत्र रूढ आहे ती मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातील युरोपात घडली. इ. स. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा पहिला विल्यम १०८७ साली रुआँ येथे मरण पावला आणि स्वतःच स्थापिलेल्या काँ येथील सेंट एतिएन मठात पुरला गेला. १५६२ साली धर्मयुद्धाच्या धामधुमीत ती कबर फोडली गेली. त्याच्या अस्थींपैकी मांडीचे एक हाड तेवढे उरल्याचे सांगतात. पुढे उभारलेले स्मारकही फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात नष्ट झाले. म्हणजे ह्या राजाचे शरीर व मूळ थडगे दोन्ही गेल्यानंतर, त्याच्या मृत्यूस साडेसात शतके उलटून गेल्यावर, १८५१ साली त्याच्या जन्मगावी फालेझ येथे लुई रोशे ह्या शिल्पकाराने केलेला त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. उधळलेला घोडा, उंचावलेला हात, वेगवान आविर्भाव. शिल्प म्हणून ते प्रभावी आहे. पण तो चेहरा अकराव्या शतकाचा नाही. तो १८५१ चा आहे. बायो येथील भरतकामाच्या पट्टीतील लहानशी आकृती आणि नाण्यांवरील ठसे ह्यांपलीकडे विल्यमच्या रूपाचा समकालीन पुरावा जवळजवळ नाही. विल्यमविषयी काही जाणून घ्यावयाचे असेल तर अभ्यासक फालेझच्या चौकात जात नाही. तो १०८६ ची डूम्सडे नावाची जमीनमोजणीची वही उघडतो.

त्याच्या पुत्राचे उदाहरण अधिक बोलके आहे. दुसरा विल्यम, ज्याला रूफस म्हणत, २ ऑगस्ट ११०० रोजी न्यू फॉरेस्ट ह्या अरण्यात शिकारीच्या वेळी बाण लागून मेला. ज्या ओक वृक्षावरून तो बाण उडाला असे सांगितले जाते त्या जागी १७४५ साली एका लॉर्डने शिळा उभी केली. तो वृक्ष आपण स्वतः पाहिला आहे असे तो म्हणत असे. येणाऱ्याजाणाऱ्यांनी अक्षरे खरवडून टाकल्यामुळे १८४१ मध्ये त्या शिळेवर ओतीव लोखंडाचे आवरण चढविण्यात आले आणि मजकूर त्यावर पुन्हा उतरविण्यात आला. परंतु सोळाव्या शतकातील लीलंड ह्या पुराणवस्तुप्रेमी लेखकाने मृत्यूचे स्थळ थरोहॅम असे दिले होते आणि ते कित्येक मैल दूर ब्यूलीच्या बाजूस असावे असे काही संशोधकांचे मत आहे. म्हणजे घटनेनंतर साडेसहाशे वर्षांनी एका जागेची निश्चिती झाली, तीवर दगड आला, दगडावर लोखंड आले, आणि लोखंडाच्या जाडीबरोबर विधानाची खात्रीही वाढत गेली. पुरावा मात्र होता तेवढाच राहिला.

ह्या दोन स्मारकांना केवळ हसण्याचे कारण नाही. फालेझचा पुतळा एकोणिसाव्या शतकातील नॉर्मंडीच्या प्रादेशिक अभिमानाचा उत्तम पुरावा आहे आणि रूफसची शिळा अठराव्या शतकातील इंग्रज जमीनदाराच्या पुराणप्रेमाचा. दोष असेल तर तो एवढाच की, दोन्ही स्मारके ज्याचे ज्ञान देतात त्याचे नाव घेत नाहीत आणि ज्याचे नाव घेतात त्याचे ज्ञान देत नाहीत.

भारतात राजप्रतिमेची परंपराच नव्हती, असे ह्यावर कोणी म्हणेल तर ते खरे नाही. भासाच्या नावावर असलेल्या प्रतिमानाटकात दिवंगत राजांच्या प्रतिमांचे गृह आहे. त्यात दशरथाची प्रतिमा पाहूनच भरताला पित्याच्या मृत्यूचे ज्ञान होते. मथुरेजवळ माट येथे कुषाण राजांचे देवकुल होते. महाराष्ट्रात तर नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा भिंतीवर कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर तिचे नाव दिले होते: सिमुक, सातकर्णी, नागनिका इत्यादी. त्या प्रतिमांचे आज पायांचे अवशेष तेवढे दिसतात. आकृती झिजून गेल्या. डोक्यावरची नावे राहिली. नाणेघाटाच्या त्या भिंतीसमोर उभे राहिले म्हणजे राजस्मारकातील टिकाऊ अंश कोणता, ह्याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही.

वत्सगुल्माच्या राजांनी अशा प्रतिमा करविल्याचा पुरावा नाही. नाण्यांवर मुद्रा ठसविण्याची प्रथाही गुप्तांप्रमाणे त्यांच्याकडे दिसत नाही. सर्वसेनाचे नाक, हरिषेणाचा बांधा, देवसेनाचे वय ह्यांविषयी एक अक्षरही उपलब्ध नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत राजे आणि राजसभा विपुल आहेत, आणि त्यांपैकी एखादा हरिषेण असावा असे सुचविण्याचा मोह अभ्यासकांनाही आवरलेला नाही. पण जातककथेतील राजाला समकालीन वेशभूषा देणे ही चित्रकाराची नित्याची रीत. तेवढ्यावरून व्यक्तिचित्र सिद्ध होत नाही. चित्रातून पाचव्या शतकातील मुकुट, अलंकार, आसने व वस्त्रे ह्यांची माहिती घ्यावी, आणि चेहरा मात्र तेथेच सोडून द्यावा हे बरे.

हरिषेणाचे खरे लिखित स्मारक अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीबाहेर, डाव्या भिंतीवर आहे, आणि तेही राजाने करविलेले नाही. त्याचा सचिव वराहदेव ह्याने हे लेणे बौद्ध संघाला अर्पण केले आणि लेखात प्रथम आपल्या स्वामीची वंशावळ दिली. हाच वराहदेव गुलवाड्याजवळच्या घटोत्कच लेण्यात आपल्या स्वतःच्या वल्लूर ब्राह्मणकुळाची वंशावळ देतो. राजा आणि मंत्री ह्यांची कुले दोन डोंगरांवर अशी विभागून ठेवली आहेत. १७ क्रमांकाच्या लेण्यात ऋषीक देशाचा मांडलिक आपल्या दानाची हकीगत सविस्तर सांगतो आणि हरिषेण पृथ्वीचे पालन करीत असताना हे झाले, एवढाच उल्लेख करतो. स्वामीचे नाव तेथेही बोराळ्याप्रमाणेच काळाची व सत्तेची खूण म्हणून येते.

१६ क्रमांकाच्या लेण्यातील लेखावर पाऊसवाऱ्याचा परिणाम होऊन तो पुष्कळ ठिकाणी खंडित झाला आहे. हरिषेणाविषयीच्या श्लोकात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र ह्या देशांची नावे वाचता येतात. परंतु ज्या शब्दांवरून ह्या देशांशी राजाचे नाते समजावयाचे तेच शब्द गेले आहेत. त्याने ते जिंकले, की त्यांच्यावर प्रभाव गाजविला, की त्यांच्या अधिपतींना मित्र केले, हे आज अक्षरांवरून सांगता येत नाही. मिराशींनी ह्या सर्व देशांवर हरिषेणाचे वर्चस्व मानले, आणि त्यांच्यानंतरच्या अनेक पुस्तकांत ह्या मताचे सरळ विजयात रूपांतर होऊन पश्चिम समुद्रापासून पूर्व समुद्रापर्यंतच्या साम्राज्याचे नकाशे आले. मिराशींचा अनुमान करण्याचा अधिकार मोठा होता; कोणते वाचन निश्चित आणि कोणते पूरक हे ते कंसांनी दाखवीत. नकाशाला कंस नसतात. गळालेल्या क्रियापदाच्या जागी रंग भरणे ही पुतळ्याला चेहरा देण्यासारखीच गोष्ट आहे, आणि ती विद्यापीठीय ग्रंथांतही घडते, हे मान्य केले पाहिजे.

वॉल्टर स्पिंक ह्यांनी आयुष्यभराच्या निरीक्षणाने अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचे सारे काम हरिषेणाच्या कारकीर्दीच्या सुमारे दोन दशकांत बसविले आणि ते एकाएकी थांबण्याचे कारण ४७७ च्या सुमारास झालेला राजाचा मृत्यू हे मानले. अपुरे खांब, अर्धवट कोरलेली दालने, घाईने बसविलेल्या मूर्ती ह्यांचे त्यांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. कामात मोठा खंड पडला हे त्यांचे म्हणणे टाळता येत नाही. वर्षावर्षाची जी निश्चिती त्यांनी दिली ती मात्र पुराव्याच्या मर्यादेपलीकडे जाते असे म्हणावे लागते. तथापि त्यांच्या उपपत्तीचा एक परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ती खरी मानली तर हरिषेणाचे सर्वांत मोठे स्मारक म्हणजे अजिंठ्यातील पूर्ण झालेली शिल्पे नसून अपुरी राहिलेली लेणी होत.

ह्याच राजाचे आणखी एक स्मारक दंडीच्या दशकुमारचरितात सुचविले जाते. त्यातील विश्रुतचरितात विदर्भाचा सद्गुणी राजा पुण्यवर्मा, त्याचा व्यसनी पुत्र अनंतवर्मा आणि फितुरीने झालेला राज्याचा नाश वर्णिला आहे. ह्या कथेत वाकाटकांच्या अंताची आठवण आहे, आणि पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, असे मिराशींनी प्रतिपादिले. अनुमान चतुर आहे. परंतु ज्या राजाचे नावही मूळचे नाही त्याच्यावर इतिहासाचा किती भार टाकावा, ह्याबद्दल संशय राहतो. कथेचा उपयोग विदर्भाच्या पतनाची एक परंपरा दंडीपर्यंत पोचली होती एवढ्यापुरता करावा.

सर्वसेनाची गोष्ट ह्याहून वेगळी आहे, कारण त्याने आपले स्मारक स्वतः रचले. हरिविजय हे त्याचे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, हा त्याचा विषय. काव्य आज नष्ट झाले आहे. परंतु आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात, मूळ कथा रसाला अनुकूल होईल अशी बदलून घेण्याचे कवीचे स्वातंत्र्य सांगताना, कालिदासाच्या प्रबंधांबरोबर हरिविजयाचा दाखला दिला आहे. कुंतकाने सुकुमार मार्गाच्या कवींत कालिदासाबरोबर सर्वसेनाला बसविले. भोजाने त्यातील गाथा मोठ्या संख्येने उद्धृत केल्या, आणि अलंकारग्रंथांत विखुरलेल्या ह्या गाथा वेचून वि. म. कुलकर्णी ह्यांनी काव्याचा शक्य तितका भाग १९९१ मध्ये एकत्र केला. गाथासप्तशतीतही सर्वसेनाच्या नावावर काही गाथा येतात.

एका राजाचे राज्य किती मोठे होते हे सांगणारा त्याचा स्वतःचा एकही लेख नसावा, आणि त्याचे काव्य किती चांगले होते हे काश्मीर व माळव्यातील आचार्यांनी सांगावे, ही वाटणी इतिहासकाराला अडचणीची असली तरी वाशीमला अभिमानाची आहे. मात्र ह्या अभिमानाला एक व्यावहारिक बाजू आहे. हरिविजयाच्या उपलब्ध गाथा, त्यांचे पाठभेद, त्या कोणत्या ग्रंथात कोणत्या संदर्भात आल्या ह्याची नोंद आणि मराठी अनुवाद हे सर्व विदर्भातील पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती सहज असावयास हवे. मराठीच्या पूर्वपीठिकेचा अभ्यास करणाऱ्याला महाराष्ट्री प्राकृतातील राजकवी आपल्याच जिल्ह्यातील निघतो, ही गोष्ट पाठ्यक्रमात एका वाक्याने संपते. वैदर्भी रीतीवर प्रश्न येतात. वच्छोमीवर येत नाहीत.

वाशीमच्या ताम्रपटाकडे अखेरीस पुन्हा वळले पाहिजे. तो विंध्यशक्तीच्या सदतिसाव्या राज्यवर्षाचा असून वत्सगुल्माहून दिलेला आहे. नांदीकट म्हणजे नांदेड विभागातील आकासपद्द हे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याचे त्यात नमूद आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाचा भाग प्राकृतात आहे, हे त्याचे वैशिष्ट्य पुष्कळांनी नोंदले आहे. पूर्वजांची थोरवी सांगताना संस्कृत, आणि गावच्या सीमा, करमाफी व अधिकाऱ्यांना आज्ञा देताना लोकांना कळणारी भाषा, असा हा व्यवहार आहे. पुढील काळात पुष्कळ दानपत्रांत संस्कृत मजकुराच्या शेवटी देशी भाषेत सीमा व शर्ती येतात, त्याच व्यवहाराचे हे जुने रूप मानता येईल.

हा ताम्रपट स्मारक म्हणून घडविला गेला नव्हता. दान घेणाऱ्यांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी तो हवा होता. तांब्याचे पत्रे जपले जातात ते राजभक्तीने नव्हे; जमिनीवर कोणी हक्क सांगितला तर दाखविण्यासाठी ते घरात असावे लागतात. पहिल्या प्रवरसेनाचे सम्राटपद, त्याचे अश्वमेध, सर्वसेनाचे 'धर्ममहाराज' हे बिरुद हे सारे त्या हक्काच्या कागदाचे शीर्षक म्हणून सोळा शतके टिकले. जमीन कोणाकडे गेली, गाव कोठे गेले, ह्याचा माग लावता येणे कठीण. आकासपद्दच्या स्थलनिश्चितीचा प्रश्न नांदेडच्या परिसरातील जुन्या गावनावांच्या शोधाने अजून पुढे नेण्यासारखा आहे, आणि बोराळ्याच्या बांधाची मोजणी, त्याच्या दगडी व मातीच्या रचनेची आणि लाभक्षेत्राची नोंद हेही त्याच प्रकारचे काम आहे. शक ३८० मध्ये स्वामिल्लदेवाने किती पाणी अडविले, हा प्रश्न लेख विचारीत नाही. परंतु त्याचे उत्तर जमिनीत आहे.